घरच्या प्रार्थना सभेत 'बीज पेरा' सांगणाऱ्या ब्रदरना येऊ द्यावं का?

वडगावशेरीकर

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्याकडे महिन्यातून एकदा घरी प्रार्थना सभा असते. बाबांनी सुरू केलेली. ते गेल्यावर आईने नेटाने चालू ठेवली आहे. आजूबाजूची दहाबारा कुटुंबं येतात, दोनतीन गीतं होतात, कोणीतरी शास्त्रभाग वाचून थोडं बोलतं, मग चहा-पोहे.

पुढच्या सभेला आईला एका ब्रदरना संदेशासाठी बोलवायचं आहे. हे कुठल्याच मंडळीचे पाळक नाहीत. यूट्यूब चॅनल आहे, नगर रोडला हॉल घेऊन सभा घेतात. मी त्यांचे बरेच व्हिडिओ बसून ऐकले. सार असं की देवाचं लेकरू आजारी किंवा कर्जबाजारी असूच शकत नाही, असेल तर विश्वासात खोट आहे. 'बीज' पेरा, शंभरपट घ्या, क्यूआर कोड पडद्यावर आहेच. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटलीही विकत मिळते. मलाखी ३:१०, ३ योहान २ आणि यशया ५३:५ ही तीन वचनं फिरूनफिरून येतात. पाप, पश्चात्ताप, क्षमा यातलं काही नाही. वधस्तंभ आहे, पण मागच्या पडद्यावर, लाइट सोडलेला.

अडचण अशी की त्यांनी उच्चारलेलं प्रत्येक वचन शास्त्रात आहे. 'हे खोटं आहे' म्हणून बोट कुठे ठेवायचं? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "प्रार्थना करा."

तर दोन प्रश्न. एक, मी त्यांना घरात येऊ नका म्हणू का? दोन, फोनवर दिवसभर हेच आदळत असताना तुम्ही आणि तुमची मंडळी सुवार्तेवर कशी टिकून आहात?

पाटीवाला

दारावर पाटी लावा.
"येथे बीज पेरून मिळणार नाही. शंभरपट परतावा पाहिजे असल्यास बँकेत चौकशी करावी. दुपारी १ ते ४ चमत्कार बंद."

मेरीमावशी

आईला विचारलंस का, त्यांनाच का बोलवायचंय?

स्टेथो

धर्मशास्त्र मला कळत नाही, पण एक गोष्ट आधी विचारतो: हे गृहस्थ औषधं बंद करा असं सांगतात का? थेट नाही तरी 'गोळी म्हणजे अविश्वास' अशा सुरात? तसं असेल तर बाकीची चर्चा नंतर. टाइप वन मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. टीबीची औषधं मध्येच सोडली तर जंतू चिवट होतात आणि घरातल्या इतरांनाही तोच चिवट टीबी होऊ शकतो. साक्षीच्या व्हिडिओत 'गोळ्या फेकून दिल्या' असं म्हणणारा माणूस दिसतो. सहा महिन्यांनी तो कुठे असतो ते कोणी दाखवत नाही. आम्हाला दिसतो, कॅज्युअल्टीत.

वडगावशेरीकर

@स्टेथो, 'डॉक्टरकडे जाऊ नका' असं स्पष्ट म्हणत नाहीत. 'मोठा डॉक्टर वर आहे' म्हणतात आणि समोरच्या लोकांना जे समजायचं ते समजतं.

पिंपरीचा योना

मी पेंटेकॉस्टल मंडळीतला. असे धागे निघाले की तीनचार प्रतिसादांत गाडी आमच्या दारात येते, म्हणून आधीच आलो.

आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. बरे झालेले पाहिले आहेत, न झालेल्यांना पुरलंही आहे. तेल आम्हीही लावतो, कारण याकोब ५:१४ मध्ये ते आहे. पण ते वचन नीट वाचा. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी त्याच्याकडे जावं, तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे वडील आजाऱ्याच्या घरी जातात. आजारी माणूस हॉलच्या रांगेत उभा राहत नाही आणि बाटलीवर किंमत नसते.

आणि भविष्यवाणी म्हणाल, तर १ थेस्सलनीकाकरांस ५:१९-२१. आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा. जुन्या मंडळ्यांना पहिल्या दोन गोष्टी आठवत नाहीत, यूट्यूबवाल्यांना तिसरी. आमच्याकडे कोणी 'प्रभू म्हणतो' करून उभा राहिला, तर वडील नंतर त्याला बसवून विचारतात. मागे एकाने एका मुलीच्या लग्नाबद्दल भविष्यवाणी केली, नवऱ्या मुलाच्या नावासकट. नवरा त्याचाच भाचा निघाला. त्याला पुन्हा माइक मिळाला नाही.

पाटीवाला

>>नवरा त्याचाच भाचा निघाला
भाच्याचं बीज शंभरपट झालं असतं की हो!

बिरुयाकर

धागाकर्त्यांचा 'बोट कुठे ठेवायचं' हा प्रश्न योग्य आहे. बिबवेवाडीला सेमिनरीत शिकतोय, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तीन वचनांपासून सुरू करू. ३ योहान २ हे गायस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीचं क्षेमकुशल आहे. 'तुझं सगळं कुशल असो, तब्येत चांगली असो.' आपणही पत्रात लिहायचो. त्यातून सर्व विश्वासणाऱ्यांना आरोग्याची हमी काढायची असेल, तर माझ्या आत्याच्या प्रत्येक पत्रात हमी होती. मलाखी ३:१० इस्राएल लोकांना मंदिराच्या भांडारात धान्याचा दशमांश आणायला सांगतं. त्या धान्यावर लेवी जगत, आणि अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश परका, अनाथ आणि विधवा यांनाही मिळे. एका माणसाच्या खात्यात टाकायची ती रक्कम नव्हे. यशया ५३:५ चं तर पेत्रानेच स्पष्टीकरण दिलंय. १ पेत्र २:२४ मध्ये 'त्याला बसलेल्या माराने तुम्ही बरे झालात' हे वाक्य पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याच्या संदर्भात येतं.

आता उलट बाजू. तीमथ्याला वारंवार दुखणी होती. पौलाने त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव म्हणून झापलं नाही. त्रफिमाला त्याने मिलेताला आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला. एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता. स्वतः पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' हे चौघे ब्रदरच्या सभेत उभे राहिले असते तर चौघांनाही 'विश्वास कमी' असं सर्टिफिकेट मिळालं असतं.

म्हणून सुटं वचन खरं की खोटं हे तपासून भागत नाही. सगळी वचनं जोडून जी गोष्ट सांगितली जाते, ती कोणाची, ते बघायचं. ख्रिस्ताने काय केलं ही, की मी काय भरलं की काय मिळेल ही? गलतीकरांस १ मध्ये पौल म्हणतो, आम्ही स्वतः किंवा स्वर्गातला दूत जरी निराळी सुवार्ता घेऊन आला तरी तो शापित असो. 'आम्ही स्वतः' हे शब्द महत्त्वाचे. प्रेषितालाही सूट नाही, ब्रदरना कुठून मिळणार?

घरात येऊ देण्याबद्दल २ योहान १० बघा. हे शिक्षण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका, असं तिथे आहे. पण लगेच दार लावू नका. त्याकाळी फिरत्या शिक्षकाला घरात घेणं म्हणजे त्याचा मुक्काम, जेवण, पुढचा प्रवास सगळं अंगावर घेणं, आणि मंडळ्या घरांतच जमत. तिथला प्रश्न ख्रिस्त देहधारी होऊन आला हे नाकारणाऱ्यांचा आहे. चहाला बोलावणं आणि संदेशाला उभं करणं या दोन वेगळ्या गोष्टी. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये अपुरं कळलेल्या अपुल्लो या उपदेशकाला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी चारचौघांत पाडलं नाही, बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला.

निरीश्वर नंदू

बाहेरचा आहे, नम्रपणे विचारतो. ब्रदरचा चमत्कार खोटा आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे खरे, ही सीमा कोण आखतं? मला दोन्हीकडे एकच दिसतं.

पुण्यात बसून बोलतोय म्हणून आठवण करून देतो. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना मारलं, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचारापासून रोखणंही. कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. मग तक्रार का करत नाही?

बिरुयाकर

@नंदू, पहिल्या प्रश्नावर तुमचं-माझं एकमत व्हायचं नाही, आणि तो स्वतंत्र धागा होईल. पण देवाच्या नावावर सांगितलेलं तपासू नये असं शास्त्र म्हणत नाही. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं ऐकलं आणि तो सांगतो ते तसंच आहे का हे रोज शास्त्र उघडून पडताळलं. त्यांना त्याबद्दल शाबासकी मिळाली. माझा आयडी तिथूनच आलाय.

पिंपरीचा योना

तक्रारीबद्दल नंदूंना खरं उत्तर देतो. भीती वाटते. ब्रदरची नाही. एक तक्रार झाली की उद्या बातमी 'प्रार्थना सभेत फसवणूक', परवा सगळ्याच प्रार्थना सभा संशयित, आणि तेरवा आमच्या भाड्याच्या हॉलचा मालक म्हणतो, दुसरीकडे बघा. हा धागासुद्धा कोणीतरी स्क्रीनशॉट काढून फिरवेल. घरातली भांडणं घरात ठेवावीत असं मला वाटत नाही, पण का ठेवली जातात ते कळतं.

हिशेबनीस

>>घरातली भांडणं घरात
बरीच वर्षं मंडळीचा खजिनदार आहे. भीती मलाही कळते, पण या भीतीवरच अशा लोकांचं दुकान चालतं. हिशेब विचारला की 'अभिषिक्तावर हात टाकू नका'.

पैशाबाबत पौल किती काटेकोर होता ते २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली होती. ती त्याने एकट्याने नेली नाही. तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. नुसतं प्रभूसमोर चोख असून भागत नाही, माणसांसमोरही असावं लागतं, असं तो लिहितो. आमच्या मंडळीत दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, आकडा फळ्यावर लिहायचा, वर्षाचं ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे. कंटाळवाणं काम आहे. ब्रदरना एवढंच विचारा: क्यूआर कोड कोणाच्या नावावर आहे? ट्रस्टच्या की तुमच्या?

दुसरं. नव्या कराराबाहेरच्या अगदी जुन्या ख्रिस्ती लिखाणांपैकी एक 'डिडाखे' म्हणून आहे, मंडळीच्या रोजच्या व्यवहाराचं छोटं पुस्तक. फिरत्या प्रेषिताला प्रभूसारखा मान द्या म्हणतं. मग लगेच: एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरीशिवाय काही घेऊ नये, पैसे मागितले तर खोटा. पुढे असंही आहे की दुसऱ्या गरजूसाठी द्या म्हणाला तर त्याला दोष देऊ नका. एवढ्या जुन्या काळी एवढी व्यवहारी अक्कल! याचं मराठी पोस्टर छापून प्रत्येक देवळात लावावं असं मी कमिटीत सुचवलं होतं. विषय 'इतर बाबी'त गेला.

पाटीवाला

'इतर बाबी' म्हणजे मंडळीच्या कमिट्यांची मिलेत. आजारी विषय तिथेच ठेवून पुढे जायचं.

क्वार्टर गेट

कॅथलिक बाजू मांडतो. आमच्याकडे कोणीही उठून वेदीवरून उपदेश करू शकत नाही, त्यामुळे एवढा सुळसुळाट नाही, असं म्हणायला गेलो होतो. मग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नजर गेली. 'ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत आनंदाची बातमी.' पाठवणारी माझी सख्खी काकू. फादरनी मिस्सात कानउघाडणी केली की काकू मान डोलावते, आणि रिक्षात बसताबसता पुढचा फॉरवर्ड येतो.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे विश्वासांगीकार, आम्ही काय मानतो त्याचं ठरलेलं निवेदन. दर रविवारी उभं राहून म्हणतो, लहानपणापासून पाठ. ज्या नायसियाच्या परिषदेत त्याचा पाया घातला गेला तिला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. या अंगीकारात 'आमच्याकरिता आणि आमच्या तारणाकरिता' तो उतरला, देहधारी झाला, दुःख सोसलं, पुरला गेला, उठला, हे सगळं आहे. माझ्या गाडीचं, व्हिसाचं काही नाही. एखाद्याचा संदेश ऐकून त्यातलं काय या अंगीकारात बसतं ते पाहायचं. ब्रदरच्या बाबतीत बहुधा काहीच नाकारलेलं नसतं. फक्त ते सगळं न उच्चारता तासभर बोललेलं असतं.

एक गंमत. नायसियात ज्याच्यावरून वाद झाला त्या आरियसने आपली मतं गाण्यांत बांधली होती. खलाशी, गिरणीवाले, वाटसरू यांच्यासाठी त्याने गाणी रचली, असं जुना इतिहासकार सांगतो. पुत्र हा निर्माण केलेला आहे, एके काळी नव्हता, ही शिकवण चालीवर पसरली. रील्स तेव्हाही होत्या म्हणायच्या.

मेरीमावशी

गाण्यांवरून. आमच्या तरुण संघाने बसवलेल्या नव्या गाण्यात 'मला', 'माझं', 'मी' इतक्यांदा आलं की शेवटी मी विचारलं, प्रभू कधी येणार आहे या गाण्यात? म्हणाले, मावशी, ब्रिजमध्ये, म्हणजे मधल्या तुकड्यात.
ना. वा. टिळकांची भजनं म्हणा रे कधीतरी. पेटी-तबल्यावर अर्धं धर्मशास्त्र आपोआप पाठ होतं.

नगरची लेक

सगळे गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचून थांबलेत. दुसरा वाचायचा का?

अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आल्यावर हळूच पंगतीतून बाजूला झाला. बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने पेत्राला तोंडावर, सगळ्यांसमोर अडवलं. पेत्राने काही खोटं शिकवलं नव्हतं. फक्त जागा बदलली होती. तरी पौल म्हणतो, हे सुवार्तेच्या सत्याला धरून चाललं नाही.

पुण्याला पंगतीचा विषय नवा नाही. १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातचा चहा-बिस्किटं झाली, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं फोडली, ती 'पुणे वैभव'मध्ये छापून आली आणि रानडे-लोकमान्य टिळकांपर्यंत सगळे ग्रामण्यात, म्हणजे जातीच्या बहिष्काराच्या वादात, अडकले. आपण ही गोष्ट 'बघा तेव्हाचे लोक' म्हणून हसत सांगतो.

आता आपलं बघा. माझ्या लग्नाचं पाहत होते तेव्हा एका चांगल्या विश्वासू कुटुंबाने, रोज बायबल वाचणाऱ्या, माझ्या वडिलांना विचारलं, "तुमचे मूळचे कोण?" पणजोबांच्या आधीचं विचारत होते. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या. त्या घरात समृद्धीवाल्या ब्रदरना थारा नाही, शिकवण एकदम शुद्ध. पण माझ्या मते त्या प्रश्नात जी निराळी सुवार्ता होती तिच्यापुढे ब्रदरची तेलाची बाटली किरकोळ आहे. यावर कधी धागा निघत नाही. बाटली दिसते, पंगत दिसत नाही.

हिशेबनीस

नगरची लेक, मान्य. पण किरकोळ नाही म्हणणार. बाटलीपायी लोकांनी कर्ज काढलेलं पाहिलंय.

नगरची लेक

ठीक, किरकोळ शब्द मागे. मुद्दा मागे नाही.

घोरपडीचे आजोबा

तुम्ही तरुण मंडळी फार वाचता, चांगलं आहे. जरा जुनं सांगतो.

पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टरबाईंशी त्यांची पत्रं आहेत. बाई सरळ लिहीत, मी एक सत्ता झुगारून आले ती दुसऱ्या कोणा माणसाची सत्ता डोक्यावर घ्यायला नाही, शास्त्र मी स्वतः वाचणार. तिथल्या लोकांना हा हट्ट वाटला. पुढे केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं, १९०५ मध्ये तिथे मुलींमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं. रडणं, मोठ्याने प्रार्थना, सगळं. पेंटेकॉस्टल मंडळी अमेरिकेतल्या अझूसा स्ट्रीटचं नाव घेतात, ते १९०६ चं. केडगाव त्याच्या आधीचं. योना, हे तुझ्या बाजूचं आहे, घे.

पण ते जागरण चालू असताना आणि नंतरही बाई काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका-मुली. १९२२ मध्ये बाई गेल्या, सबंध बायबल १९२४ मध्ये निघालं. आत्मा आला म्हणून पुस्तक मिटलं नाही. आणि पुस्तक हातात आहे म्हणून मोठ्याने रडणाऱ्या मुलींना गप्प बसवलं नाही. आजकाल मला या दोन्हींपैकी एकच करणारे भेटतात.

बाकी खोटे शिक्षक म्हणजे काय नवीन! मीखा ३:११ वाचा. याजक वेतनावर शिकवतात, संदेष्टे पैशासाठी शकुन सांगतात आणि वर म्हणतात, परमेश्वर आमच्यात आहे ना, आमच्यावर अरिष्ट यायचं नाही. तेव्हा क्यूआर कोड नव्हता इतकंच.

पिंपरीचा योना

आजोबा, घेतलं. आणि दुसरा भागही घेतला.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. व्यक्ती किंवा मंडळी ओळखू येईल अशी माहिती देऊ नये. धागा छान चालला आहे, तसाच चालू द्या.

वडगावशेरीकर

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मेरीमावशी, तुमचा प्रश्न सगळ्यांनी ओलांडला, मीसुद्धा. काल आईला विचारला. जे सांगितलं ते जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो.

"तुझे बाबा आयसीयूत होते तेव्हा हा मनुष्य रात्री बाहेरच्या बाकावर बसायचा. कोणी बोलावलं नव्हतं. शेजारच्या वॉर्डात कोणाला तरी भेटायला आला होता, मला रडताना पाहून थांबला, मग रोज यायला लागला. थर्मासमधून चहा आणायचा. एक रुपया मागितला नाही. आपल्या मंडळीतून कोण आलं होतं सांग. अंत्यविधीला सगळे आले, गाडी करून."

मी म्हटलं, आई, पण ते शिकवतात ते बरोबर नाही. ती म्हणाली, "मला कळत नाही होय? विश्वास कमी पडला की माणूस जातो असं तो व्हिडिओत म्हणतो. माझ्या तोंडावर कधी म्हणाला नाही. व्हिडिओत तो भाग आला की मी फोन पालथा ठेवते."

मला पुढे काही बोलता आलं नाही.

मेरीमावशी

आईला माझा सलाम सांग.

बिरुयाकर

याला सेमिनरीत उत्तर नाही. म्हणजे उत्तर आहे, पण ते वर्गात देता येत नाही.

माणूस बाकावर बसला म्हणून त्याची शिकवण बरोबर ठरत नाही, हे मी अजूनही म्हणेन. उलट, जो रात्री बाकावर बसू शकतो त्यालाच बाजूला घेऊन सांगण्यात अर्थ आहे. मनुष्य अपुल्लोसारखा असू शकतो. निव्वळ व्यापारी असता तर बिनपैशाच्या बाकावर आला नसता.

नगरची लेक

किंवा तेव्हा तो खरा होता आणि चॅनल मोठं झाल्यावर बिघडला. तेही होतं. फार आशा लावू नका.

हिशेबनीस

आमच्या मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीची यादी होती. पाळकसाहेब बदलले, कमिटी बदलली, यादी बंद पडली. हे खरं आहे. या रविवारी 'इतर बाबी'त नाही, पहिल्या क्रमांकावर मांडतो.

पिंपरीचा योना

धागाकर्ते, ठरलं काय? येणार का ते?

वडगावशेरीकर

आईनेच ठरवलं. ब्रदरना आदल्या दिवशी चहाला बोलावलंय, सभेला नाही. बिरुयाकर, मेसेज केलाय, जमलं तर तुम्हीही या. पण वाद घालायचा नाही असं आईने बजावलंय. फक्त त्रफिमाबद्दल विचारायचं आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं.

सभेत संदेश ती स्वतः देणार आहे. बाबा असताना ती कधी बोलली नव्हती. २ करिंथकरांस १२ काढून ठेवलंय, चष्मा वर करून पेन्सिलीने खुणा चालू आहेत. मला म्हणाली, तू गीतं निवड, आणि ते 'ब्रिज'वालं नको.

घोरपडीचे आजोबा

पत्ता खासगीत कळवा. मी येतो. घोरपडीतून रिक्षा मिळेल.

शालूताई_जोगेश्वरी

प्रभूची स्तुती असो. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही. त्या ब्रदरचा नंबर किंवा तेलाची बाटली कुठे मिळेल ते कोणी सांगेल का? गुडघ्याने फार बेजार आहे, जिना उतरवत नाही. मुलगा परगावी असतो.

पाटीवाला

(काहीतरी लिहिलं होतं, पुसलं.)

स्टेथो

शालूताई, एक्स-रे काढला आहे का? किती मजले चढायचे असतात? सूज आहे की नुसतं दुखतं? तेलाचं नंतर बघू. खासगीत लिहा, तुमच्या जवळपास कोणाकडे दाखवता येईल ते विचारून सांगतो.

मेरीमावशी

शालूताई, माझी बहीण जोगेश्वरीतच राहते. ती घरी येऊन जाईल. कुठली सोसायटी?